तऱ्हा

रुवीत, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या झोतात
माझं टेबल. टेबलावर सात यंत्रं,
सातांपुढे एकच पावती,
पैसे गावी पाठवायच्या ॲपची.
माझं काम एवढंच :
ती सातही ठिकाणी तीच दिसते का, बघायचं.

दिसत नाही.

विंडोजवर बेचाळीस रियाल सातशे पन्नास बैसा,
मॅकवर तेवढेच,
लिनक्सवर शेवटचं शून्य गळून पडतं.
(इथल्या पैशाला दशांशानंतर तीन घरं लागतात.
ते सूत्र लिहिणाऱ्याच्या देशात दोनच असावीत.)
टॅबलेटवर तारीख कालची :
मस्कतला मध्यरात्र उलटली तरी
त्याच्या पोटातल्या घड्याळात रात्रीचे आठच.
अरबी निवडलं की अख्खं पान कूस बदलतं,
उजवीकडून चालू लागतं,
आणि वजाचं चिन्ह मागे राहतं,
जत्रेत चप्पल तुटलेल्या पोरासारखं.

प्रत्येकाची आपली तऱ्हा.
मी लिहीत जाते : पायरी एक, पायरी दोन,
अपेक्षित काय, घडलं काय.
नवरा म्हणायचा, तू भांडतेसही अशीच.
ते भांडण आता पुन्हा घडवून दाखवता येत नाही.

मुंधिर समोर बसतो. कोड त्याचा.
त्याला काहीही दाखवा,
कहवा ओतत तो म्हणतो, माझ्याकडे तर चालतं.
अरे, मग प्रत्येक गिऱ्हाईकाबरोबर
तुझा लॅपटॉप द्यायचा का बांधून?
हसतो. खजुराची बशी पुढे सरकवतो.
तिकीट बंद करतो.

मग एक तक्रार आली, घालाहून, चार शब्दांची :
पावती बरोबर नाही. बघा.
अंकुश बऱ्हाटे, वेल्डर, तालुका पारनेर.
सातही यंत्रांवर मी त्याची पावती उघडली.
गळलेलं शून्य सोडलं तर सगळं ठीक,
नाव तर सातांवर शाबूत.
गुरुवारी संध्याकाळी टॅक्सी केली.

गॅरेजांच्या मागे त्यांची खोली, दाराशी नऊ जोड बूट.
फोन आठ वर्षांचा, कडेला रबरबँड.
त्यात मी त्याचं नाव पाहिलं :
आधी ब,
मग एक अर्धा र, कशालाच न टेकलेला,
मग ठिपक्यांचं पोकळ वर्तुळ,
कुणी यायचंय म्हणून धरून ठेवल्यासारखी जागा,
आणि पलीकडे, एकटंच, हाटे.

मी म्हटलं, सापडलं. हीच ना तक्रार?
तो म्हणाला, छे, नावाचं काय.
ह्या फोनला ते पेलत नाही,
मी कधीचाच बराटे लिहितो.
पासपोर्टात आणखी तिसरंच आहे.
चालतं हो, सवय झाली.
आणि काळा पडलेला अंगठा काचेवर टेकवला :
हे शेवटचं शून्य बघा.
सातशे पन्नास भरले, पंच्याहत्तरच दिसतात.
बाकीचे कुणी खाल्ले?

कुणीच नाही, म्हटलं. किंमत तीच असते.
मग आधी का होतं? म्हणाला.
मला उत्तर आलं नाही.
चहात साखर फार होती. प्याले.

रविवारी नवं तिकीट लिहिलं, दोन जुनी उघडली.
पायरी एक : घालाला जा.
पायरी दोन : त्याचा फोन हातात घ्या.
अपेक्षित : बऱ्हाटे.
घडलं : सवय.

मुंधिरने दोनदा वाचलं.
माझ्याकडे चालतं, असं म्हणाला नाही.
म्हणाला, ते अक्षर, ते मोडतं ते,
बोलून दाखव.
ऱ्ह, मी म्हटलं.
अर्-ह, तो म्हणाला.
नाही. र आणि ह एकाच श्वासात.
रह.
नाही रे.
कहवा निवत होता. सातही पडदे
वाट पाहून एकेक काळे झाले.
पुन्हा, तो म्हणाला.